नमुन्याचा तुकडा

मटार सोलता सोलता आई बोलून गेली, "तुझ्या बाबांनी तर माझ्याशी वर्षभर अबोला धरला होता," आणि तिनं पुढच्या शेंगेला हात घातला. एवढंच. ताटलीत दाणे पडत होते, चष्म्यांचं दुकान चालवणारा टिचकीबाईचा नवरा स्वतःचाच चष्मा शोधत ह्या खोलीतून त्या खोलीत फिरत होता, आणि टिचकीबाई स्वतः ओट्यापाशी उभी राहून डबा भरत होती. डब्याचं झाकण तिनं लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आईच्या आवाजात काहीच नव्हतं. वाण्याकडची साखर संपली असं सांगावं तसं तिनं सांगितलं होतं, आणि तेही नातीच्या संसाराचा विषय निघाला म्हणून, ओघात. टिचकीबाईनं विचारलं, कधी? तू चौथीत होतीस तेव्हा, आई म्हणाली. पण तुम्ही तर कधी भांडलाच नाहीत. "भांडलो कुठं म्हणतेय मी," आई म्हणाली, "बोललोच नाही." मग एक किडका दाणा तिनं नखानं बाजूला केला आणि आज मटार महाग पडले अशी तक्रार सुरू केली. बसची वेळ झाली होती. टिचकीबाईनं चपला घातल्या, आणि जिना उतरताना नेहमीसारखी कठड्यावर टिचकी मारायची राहून गेली हे तिला खाली फाटकापाशी आल्यावर कळलं.

टिचकीबाई हे नाव तिला कारखान्यात पडलं आणि तिच्या मागोमाग घरी आलं. समोर येईल त्या वस्तूवर आधी बोटाच्या पेरानं टिचकी मारून बघायची ही तिची खोड. कलिंगड, दार, भिंतीचा गिलावा, नव्या कपाटाची फळी, काहीही. एकदा तर पाहुण्यांदेखत तिनं नवऱ्याच्या टकलावर टिचकी मारली होती आणि भरीव आहे असा निर्वाळा दिला होता. नवरा ती गोष्ट अजून गिऱ्हाइकांना सांगतो. कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती तपासायला येत. डोंगरात अडकलेल्यांना आणि बुडत्या होड्यांवरच्या लोकांना उचलून आणणारी हेलिकॉप्टरं. त्यांची पाती धातूची नसतात. काळ्या तंतूंच्या कापडाचे थरावर थर राळेत भिजवून, भट्टीत शिजवून ती एकजीव केलेली असतात. अशा पात्यावर हातोडी निसटून पडली तर पत्र्यासारखा पोचा येत नाही. वरचा रंगसुद्धा उडत नाही. आत मात्र दोन थर एकमेकांपासून सुटलेले असतात, आणि ते कधीतरी भर आकाशात आपलं म्हणणं मांडतात. ते त्याआधी ऐकून घ्यायचं ही तिची नोकरी. पात्यावर जेल चोपडायचं, त्यावर काड्यापेटीएवढा प्रोब टेकवायचा, तो माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडतो. आवाज तळापर्यंत जाऊन परत आला की पडद्यावर उजव्या बाजूला एक उंच सुळका उभा राहतो. वाटेत थर सुटलेला असेल तर आवाज तिथूनच माघारी फिरतो आणि सुळका आधीच उभा राहतो. पडद्याच्या तळाशी एक खुरटी रेघ सारखी थरथरत असते, तिला सगळे गवत म्हणतात. गवत कोणी मोजत नाही. नव्या माणसांना ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावायची, जेलमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. ह्या आवाजाला हवा ओलांडता येत नाही. बुडबुडा राहिला की उजवीकडचा सुळका कोसळतो, भलामोठा दोष असल्यासारखा, आणि तो दोष पात्यात नसतो, तुमच्या बोटाखाली असतो. तिनं पास केलेल्या पात्यानं आजवर कोणाला दगा दिलेला नव्हता, आणि ही गोष्ट ती कोणी न विचारताही सांगायची.

बस नेहमीची, खिडकीही नेहमीची. लेक महिन्यापूर्वी दोन बॅगा घेऊन घरी आली होती. जावई तसा वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही, बाहेर काही नाही. फक्त बिनसलं की तो गप्प व्हायचा. आधी दोन दिवस, मग आठवडा, शेवटी शेवटी तर लेकीला वाटायला लागलं की आपण भिंतीशीच संसार करतोय. टिचकीबाईनं तिला दोनचार प्रश्न विचारले आणि हात पुसत निकाल दिला, आतून सुटलंय. एकदा सुटलेला थर परत चिकटत नाही, वरून कितीही रंग द्या. आणि संसार कसा असतो ते बघायला लांब जायची गरज नव्हती. "माझ्या आईबाबांकडे बघ," ती म्हणाली होती. "उभा जन्म एकत्र काढला, एका दिवसाचा अबोला नाही." घरातल्या प्रत्येक लग्नाला तिनं हेच माप लावलेलं होतं. धाकट्या भावाचं लग्न त्यात बसलं नव्हतं, चुलतबहिणीचं तर अजिबात नाही, आणि स्वतःच्या नवऱ्यालाही ती 'चालेल' ह्याच्या पुढे कधी नेऊ शकली नव्हती. तो बिचारा शेरा मारून पास केलेला होता. आता आज संध्याकाळी लेक-जावयाच्या भाड्याच्या घराच्या चाव्या मालकाला परत द्यायच्या होत्या. जावयानं दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली होती. चाव्या गेल्या की पुढचं सगळं वकिलाकडे. काल जेवताना लेकीनं ताटातून डोकं वर न करता विचारलं होतं, "आई, तुला खात्री आहे ना?" आणि टिचकीबाई म्हणाली होती, "खात्री हा माझा धंदाच आहे." ते वाक्य तिला काल फार आवडलं होतं. आत्ता बसच्या दांड्याला धरून उभ्या असलेल्या बाईच्या बांगडीकडे बघताना ते तिला दुसऱ्याच कोणीतरी म्हटल्यासारखं आठवलं.

चौथीचं वर्ष. तिच्या लेखी ते तिच्या लहानपणातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. त्या घरात मधे एक अरुंद बोळकांडी होती, एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला बाबांची खोली, आणि त्या बोळकांडीच्या थंडगार फरशीवरून अनवाणी पळणं हे तिचं काम होतं. बाबांना सांग पाणी तापलंय. आईला सांग मला यायला उशीर होईल. बाबांना सांग डबा दाराशी ठेवलाय. बाबा तिला टपालवाली म्हणायचे आणि निरोप पोचवला की स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर ठेवायचे. टोपीला तेलाचा आणि उन्हाचा वास यायचा. ती निरोप नुसता पोचवायची नाही, सजवायची. आई म्हणाली पाणी तापलंय, तर ती सांगायची, आई म्हणते पाणी कधीचं तापलंय, गार होईल मग बोलू नका. तेवढा रुबाब टपालवालीला हवाच. एकदा तिनं वर्गातल्या मैत्रिणीला विचारलं होतं, तुमच्याकडे निरोप कोण नेतं, आणि कोणीच नाही असं ऐकल्यावर तिला त्या मुलीची मनापासून कीव आली होती. त्या घराच्या भिंती पातळ होत्या. आई स्वयंपाकघरात बोलली तर बाबांच्या खोलीत शब्दन्‌शब्द ऐकू जायचा. हे तिला आत्ता, सिग्नलला थांबलेल्या बसमध्ये, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा लक्षात आलं. म्हणजे आई बोलायची तेव्हाच बाबांना कळलेलं असायचं की पाणी तापलंय, तरीही ते खुर्चीत बसून राहायचे आणि फरशीवरून पळत येणाऱ्या पावलांची वाट बघायचे. दोघंही बघायचे. तिला आईचा थोडा राग आला, कारण ते वर्ष तिचं होतं आणि आईनं मटाराच्या सालांबरोबर ते टोपलीत टाकून दिलं होतं.

कारखान्यात ती नेहमी सगळ्यांच्या आधी पोचायची. तपासणीच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर यंत्र, भिंतीला टेकवलेली पाती, आणि फळीवर मऊ कापडात गुंडाळलेला नमुन्याचा तुकडा. पाटीएवढा काळा तुकडा, पात्यासारखाच थरांचा. तिला हे काम शिकवणाऱ्या मास्तरांनी तो स्वतः बनवून घेतला होता, आणि त्याच्या एका कोपऱ्यात स्वतःच्या हातानं पांढऱ्या रंगाचा गोल काढला होता. निर्दोष माल म्हणजे काय, तर ह्या गोलाच्या आत जो आहे तो. रोज सकाळी प्रोब त्या गोलात टेकवायचा आणि सुळका पडद्यावरच्या वरच्या रेघेला टेकला की नाही ते बघायचं. टेकत नसेल तर यंत्राचा आवाज वाढवायचा. मग दिवसभर त्याच आवाजात सगळी पाती ऐकायची. यंत्र दरवर्षी बाहेर तपासायला जायचं, त्याचा दाखला भिंतीवर लावलेला असायचा. तुकडा कधी गेला नाही. ज्याच्यावरून साऱ्या जगाला तपासायचं त्याला काय तपासायचं, असं कोणी म्हटलंही नव्हतं. ते कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मास्तर रिटायर झाले, मग गेले, आणि तो गोल झिजला तेव्हा टिचकीबाईनं भक्तिभावानं त्याच रेघेवरून नवा रंग फिरवला.

आज तिनं जेल लावलं, प्रोब टेकवला, सुळका रेघेला टेकला. आता प्रोब उचलायचा. पण हात उचलला गेला नाही, तो सरकला. आईनं किडका दाणा बाजूला केला होता तसा काहीसा, नखभर. प्रोब गोलाची रेघ ओलांडून बाहेर आला आणि सुळका वाढला. रेघेच्या वर गेला, पडद्याच्या वरच्या काठाला जाऊन टेकला. तिला आधी बुडबुड्याचा संशय आला. पण बुडबुड्यानं सुळका पडतो, चढत नाही. तिनं सगळं पुसलं, ताजं जेल लावलं आणि तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रोब फिरवून बघितला, एखादं पातं बघते तसा, ह्या तुकड्याला आजवर कोणीच बघितलं नव्हतं तसा. बाहेर सगळीकडे सुळका ताठ. फक्त गोलाच्या आत तो खांदे पाडून उभा. थर सुटलेले नव्हते, पण भट्टीत शिजताना त्या कोपऱ्यात हवेचे बारीक बारीक कण अडकून बसले होते आणि राळेबरोबर कायमचे घट्ट झाले होते. आवाज तिथं जाताना थकत होता. अख्ख्या तुकड्यातली सगळ्यात अशक्त जागा मास्तरांनी नेमकी गोल करून ठेवली होती. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. अशक्त जागेवरून यंत्र लावलं म्हणजे आवाज गरजेपेक्षा वाढवून ठेवला. वाढवलेल्या आवाजात साधी कुजबुजसुद्धा किंकाळी वाटते. म्हणजे इतकी वर्षं ती प्रत्येक पात्याची कुजबुज ऐकून त्याला किंकाळीबद्दल नापास करत आली होती.

घाबरणं हा तिचा स्वभाव नव्हता. सापडलेली चूक तिला नेहमीच हुशारी आणायची. न सापडलेलीचं काय करायचं हा प्रश्न असतो, सापडली की फक्त काम उरतं. ती तुकडा कापडात गुंडाळून सरळ साहेबांच्या खोलीत गेली. साहेब म्हणजे कारखान्याचे मुख्य, तिच्या नवऱ्याच्याच दुकानातला चष्मा लावणारे आणि अडचणीच्या वेळी तोच पुसत बसणारे. तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "बाई, म्हणजे आत्ता आकाशात जी पाती आहेत ती?" ती म्हणाली, "ती ठणठणीत आहेत. त्यांनी गरजेपेक्षा कडक परीक्षा दिलीय. नापास केलेल्यांचं बघायला लागेल." कापून टाकलेली पाती किती असतील हा हिशेब साहेब मनात करत होते आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. नापास पातं कोणी चोरून वापरू नये म्हणून ते करवतीनं मधोमध कापायची इथली पद्धत. ती पद्धतही टिचकीबाईनंच घातलेली. कापलेली गेली, ती म्हणाली, मागच्या शेडमध्ये न कापलेलं असेल ते मी आजच बघते, आणि नवा नमुना बाहेरून तपासून आणूया, ह्यापुढे तोही दरवर्षी जाईल. साहेबांनी चष्मा परत लावला आणि विचारलं, हे तुम्हाला आजच कसं सुचलं. आई मटार सोलत होती, ती म्हणाली. साहेब हसले, कारण टिचकीबाई अधूनमधून असं काहीतरी बोलायची.

पण खोलीत परत येताना तिला काहीतरी टोचत राहिलं. कारखान्यात हे ठीक होतं. इथं शंका आली की नापास, ह्यात कोणाचा जीव जात नव्हता, उलट वाचत होता. घरात तसं चालत नाही. घरात सावधगिरी म्हणून नापास केलेलं माणूस शेडमध्ये पडून राहत नाही, ते दुसऱ्या शहराचं तिकीट काढतं. तिला जावयाचा चेहरा आठवला, लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आला होता तेव्हाचा. तिनं त्याच्यासमोर त्याच्याच खुर्चीच्या पाठीवर टिचकी मारली होती आणि तो अंग चोरून हसला होता. आणि तेवढ्यात, जेवणाच्या सुट्टीत, त्याचाच फोन आला. महिनाभर हे असंच चाललं होतं. लेक आणि जावई एकमेकांशी बोलत नव्हते, दोघांचे निरोप टिचकीबाईमार्फत जायचे, आणि ते तिला फारसं नवीन वाटलं नव्हतं. "आई, तिला सांगा, शेगडी मी नेत नाहीये," जावई म्हणाला. "तिलाच राहू दे. मालक सहाला येतायत." मग सहज विचारल्यासारखं, "तिचा खोकला गेला का?" गेला, ती सवयीनं म्हणाली, आणि फोन ठेवला.

डबा तसाच पुढ्यात राहिला. तिचा खोकला गेला का. परवा त्यानं विचारलं होतं, तिला झोप लागते का. त्याच्या आधी कधीतरी, तिच्या ऑफिसच्या रस्त्यावर खणून ठेवलंय, रिक्षा कुठून करते ती. ह्यातलं एकही वाक्य तिनं लेकीपर्यंत पोचवलं नव्हतं. लपवलं होतं असं नाही. ते निरोप आहेत असंच तिला वाटलं नव्हतं. त्यात काही करायचं नव्हतं, नेआण नव्हती. ते गवत होतं, पडद्याच्या तळाशी थरथरणारं, आणि गवत कोण मोजतं. आणि जे पोचवलं ते कसं पोचवलं? शेगडी तिलाच राहू दे, हे संध्याकाळी घरी पोचेपर्यंत शेगडीसुद्धा नको म्हणतो असं झालं असतं. तेवढा रुबाब टपालवालीला हवाच. तिला एकदम त्या थंड फरशीचा स्पर्श तळपायाला झाला, कारखान्यात घालायच्या बुटातून, मोज्यातून.

तिनं घरी फोन लावला. आईनं बऱ्याच वेळानं उचलला, काय गं, काही विसरलीस का म्हणाली. टिचकीबाईनं विचारलं, तो अबोला सुटला कसा.

"कुठला?"

"बाबांचा. सकाळी म्हणालीस तो."

"तो होय," आई म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली, ती संपेपर्यंत ती थांबली. "तुझा घसा बसला. पार बसला, तोंडातून शब्द फुटेना. मग निरोप कोण नेणार? दोन दिवस गेले तसेच. तिसऱ्या दिवशी हे स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, पोरीला ताप आहे का बघितलंस का. मी म्हटलं, नाही ताप. झालं."

"एवढंच?"

"मग काय भाषण करणार होते?"

टिचकीबाईनं विचारलं, पण अबोला झाला होता कशावरून. ते आता आठवत नाही, आई म्हणाली, आणि आठवलं तरी तुला सांगणार नाही. मग मला आजवर हे कधी सांगितलं का नाहीस, असं टिचकीबाईनं विचारलं. "तू विचारलंस कधी? तू तर सांगतच असतेस," आई म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. कुकर बंद करायचाय म्हणून तिनं फोन ठेवला.

दुपारी तिनं मागच्या शेडमधून ते पातं आणवलं, गेल्याच आठवड्यात नापास केलेलं आणि करवतीची वाट बघत पडलेलं. तुकड्याच्या गोलाबाहेरच्या चांगल्या जागेवर यंत्र लावलं, तेव्हा आवाज कमी करावा लागला, आणि तो कमी करताना तिला आपण कोणाच्या तरी घराबाहेर उभं राहून कान लावणं थांबवतोय असं वाटलं. पात्यावर जिथं गेल्या आठवड्यात भलामोठा सुळका उभा राहिला होता तिथं आता बोटाच्या पेराएवढा उरला. दोष होता. नव्हता असं नाही. दोन थरांमध्ये मुगाच्या दाण्याएवढी फट होती, आणि नियमात एवढी फट चालते. तिच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढायचा, तारीख घालायची, पुढच्या खेपेला वाढलीय का ते बघायचं. अशी गोल काढलेली पाती वर्षानुवर्षं उडतात. हा नियम तिला पाठ होता, पण तो वापरायची वेळ तिच्यावर फारशी आलेली नव्हती. तिच्याकडे एक तर पास असायचं नाही तर करवत. तिनं पेन्सिल शोधली. गोल काढताना तिला आईबाबांचं पुढचं आयुष्य आठवत राहिलं, नव्यानं. बाबांच्या आजारपणात आई त्यांना रोज पेपर वाचून दाखवायची आणि तिला नको असलेल्या बातम्या गाळायची, बाबांना ते कळायचं आणि ते झोपेचं सोंग घ्यायचे. ते खोटं नव्हतं. सकाळपासून तिला जे काही गेल्यासारखं वाटत होतं ते कुठं गेलेलं नव्हतं. त्यात एक दाणाभर फट होती, ती वाढली नव्हती, एवढंच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते बाहीनं पुसलं, हाताला जेल लागलेलं होतं म्हणून.

लेकीच्या घराचा जिना ती संध्याकाळी चढली तेव्हा तिच्याकडे निकाल नव्हता. ह्या दोघांचं टिकेल की नाही तिला माहीत नव्हतं. एखाद्या वस्तूसमोर जाऊन उभं राहायचं आणि माहीत नाही असं म्हणायचं, हे तिच्या बाबतीत आजवर घडलं नव्हतं. उलट एक गोष्ट तिला पक्की माहीत होती, इतकी पक्की की ती जिन्यातच थांबून जरा हसली. दार उघडंच होतं. घर अर्धं रिकामं, पावलांचा आवाज उगीच मोठा येत होता. लेक स्वयंपाकघरात कप कागदात गुंडाळत होती, जावई आतल्या खोलीत खोक्याला दोरी बांधत होता, आणि दोन्हीच्या मधे एक छोटी मोकळी जागा होती, तिथं टिचकीबाई येऊन उभी राहिली. कुठं उभं राहायचं हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"बरं झालं आलीस," लेक म्हणाली. "आई, त्याला विचार, पडदे कोण नेतंय."

स्वयंपाकघरापासून आतली खोली दहा पावलांवरही नव्हती. आतला दोरीचा आवाज थांबला होता. टिचकीबाईनं गळ्यावर हात ठेवला, मान हलवली, तोंड उघडून बंद केलं.

"काय झालं? घसा बसला?" लेकीनं कप खाली ठेवला. "सकाळी तर चांगली बोलत होतीस."

टिचकीबाईनं सुस्कारा टाकला आणि बोटानं पंखा, धूळ, कारखाना असं बरंच काही एकदम दाखवलं. आतून जावई म्हणाला, "आई, तिला सांगा, पडद्यांचं मला काही..." आणि तोही थांबला, कारण तो आता दारात आला होता आणि त्याला गळ्यावरचा हात दिसला होता. तिनं दोघांकडे पाहिलं. मग बाहेरच्या खोलीत गेली, एका बांधलेल्या खोक्यावर बसली आणि पर्स मांडीवर घेतली. खोकं बरं बांधलेलं होतं, जावयाची गाठ पक्की असायची. मागे काहीच ऐकू येत नव्हतं. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, वरच्या मजल्यावर नळ चालू झाला, बंद झाला. एवढा वेळ गप्प बसणं म्हणजे काय असतं ते तिला आयुष्यात प्रथम कळत होतं. जीभ टाळूला चिकटून बसली होती आणि तिच्या मागे शंभर वाक्यं रांग लावून उभी होती. खोकला गेला का हे तो आता तिला विचारेल का. विचारणार नाही. शेगडीचं निघालं तर सगळं परत बिघडेल. तिनं तोंड उघडलं. मिटलं.

"पडदे नेतोयस का?" लेकीचा आवाज आला. कोरडा, परक्याला विचारावा तसा.

"तुला हवेत?"

"मी विचारतेय तुला."

"मला ते काढता येत नाहीत. तूच लावले होतेस." मग तोच म्हणाला, "औषध घेतलंस का खोकल्याचं?"

"तुला कोणी सांगितलं मला खोकला झालाय?"

"फोनवर मागे ऐकू येत होता. आईंशी बोलताना."

मग स्टूल ओढल्याचा आवाज, आणि लेक म्हणाली, "धर नीट. हलतंय ते." टिचकीबाईचं बोट आपोआप शेजारच्या भिंतीकडे गेलं होतं, पेर वाकलेलं, टिचकी मारायच्या बेतात. तिनं ते मागे घेतलं आणि मुठीत धरून ठेवलं. आत पडद्याच्या कड्या दांडीवरून एक एक करून सरकत होत्या, फार हळू, आणि दोघंही काही बोलत नव्हते, पण हा गप्पपणा कसला आहे हे तिला इथून सांगता येत नव्हतं आणि ती सांगणारही नव्हती.

दाराशी घरमालक येऊन उभे राहिले, हातात रुमाल, चाव्यांसाठीच आलेले. ते तोंड उघडणार एवढ्यात टिचकीबाई उठली, दाराबाहेर गेली, आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "अर्ध्या तासानं या." मालक म्हणाले, पण सहा वाजले. "चहा घेऊन या," ती म्हणाली, आणि त्यांना जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत पोचवून आली. ती आत वळली तेव्हा कड्यांचा आवाज थांबलेला होता.

"कोण आलं होतं?" आतून दोघांनी एकदमच विचारलं.

टिचकीबाईनं दार हळूच लोटून घेतलं आणि खोक्यावर जाऊन बसली. तिचा घसा बसला होता.